कोरेगावचा झोपेचा डॉक्टर

इंटरनेटवर पहिला नंबर कसा पटकावायचा, हे त्या काळी सातारा जिल्ह्यात मला एकट्याला ठाऊक होतं. निदान मी तरी तसं समजत होतो, आणि माझं म्हणणं खोडून काढायला दुसरं कुणी इंटरनेट वापरतही नव्हतं. साल नव्याण्णव. साताऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. फोनची लाइन जोडली की यंत्र आधी शिट्ट्या मारायचं, मग खाकरायचं आणि मनात आलं तर जगाशी बोलायचं.

कोरेगावचे जोतीराम सुभेदार हे माझं पहिलं गिऱ्हाईक. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी गाद्या-उशांचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत सावरीचा कापूस पिंजत असायचे आणि त्याचे पुंजके हवेत तरंगत असायचे. दुपारी तिथं पाऊल टाकलं की आपण चुकून ढगात शिरलो असं वाटायचं. मी एका गादीवर बसलो आणि बसल्या बसल्या मला दिसलं, की दूर कॅनडात बर्फ पडतंय आणि एक म्हातारी कोरेगावच्या उशीवर डोकं ठेवून गालातल्या गालात हसतेय.

सुभेदारांना कॅनडाची घाई नव्हती. पलूस आणि विट्यापर्यंत माल गेला तरी त्यांना पुरे होतं. पण मी त्यांना पटवलं.

पान मी आभाळी रंगाचं केलं. मधोमध पांढरी गादी, खाली पत्ता. आता खरी विद्या. सर्च इंजिन पानावरचे शब्द मोजतं. ज्या पानावर शब्द जास्त वेळा, ते पान वर. म्हणून मी आभाळी पानावर आभाळी अक्षरांतच शब्द पेरले. झोप, गाढ झोप, स्वप्न, घोरणं, निद्रानाश, उपचार, डॉक्टर, सगळे इंग्रजीत, पुन्हा पुन्हा. माणसाला दिसायचं नुसतं आभाळ. यंत्राला मात्र ते शब्दांनी गच्च भरलेलं दिसायचं. गादीचा आणि डॉक्टरचा संबंध काय, असा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण तो फार वेळ थांबला नाही.

आठवड्याभरात आमचं पान झोपेच्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसलं. ई-मेलवर पत्रं यायला लागली. नागपूरच्या एका बाईंना नवऱ्याचं घोरणं बंद करायचं होतं. इंदूरच्या एका गृहस्थांना स्वप्नात सारखी रिकामी विहीर दिसायची, तिचा अर्थ हवा होता. कुणी गोळ्या मागितल्या, कुणी काढा. मी ती पत्रं छापून स्कूटरवरून कोरेगावला न्यायचो आणि मोठ्या अभिमानाने वाचून दाखवायचो. सुभेदार शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, ह्यातल्या कुणाला गादी पायजे का? मी म्हणायचो, आधी नाव होऊ द्या.

नाव झालं. एका दुपारी शेडच्या दारात एक मुलगी उभी राहिली, बरोबर तिचे वडील. मुलगी मयूरी, सांगलीच्या कॉलेजात शिकणारी. वडिलांना सगळे तात्या म्हणत. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, आणि डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखी वर्तुळं. तात्यांना कित्येक महिन्यांत धड झोप नव्हती. सांगली-मिरजेचे डॉक्टर करून झाले होते. मग मयूरीने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शोधलं आणि पहिलं नाव कोरेगावचं आलं. एस.टी. बदलत बदलत दोघं आली होती.

"झोपेचे डॉक्टर कुठे बसतात?" तिने विचारलं.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

सुभेदारांच्या मंडळी चंद्राबाईंनी वेळ सावरली. पाव्हणे दमल्यात, आधी पडू द्या, म्हणत त्यांनी तात्यांना एका नव्या गादीवर टेकायला लावलं आणि मयूरीला चहा दिला. सुभेदारांनी मला पिंजणयंत्रामागे घेतलं.

"मास्तर, आपल्या आभाळात काय लिवलंय तुमी?"

मी सांगितलं. ऐकताना त्यांच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"मी गादीत चिंध्या भरल्या आणि वरनं झ्याक खोळ चढवली, तर दिसतंय व्हय कुणाला? पर मी भरतो का?"

मी हळूच म्हणालो की लोक आले तर खरे.

"आलं. पर ते माणूस झोपंसाठी आलंय, आणि आपल्याकडं डाक्टर न्हाई. आता तुमीच जावा आणि समदं सांगा त्यास्नी."

मी जाऊन तात्यांच्या उशाशी बसलो. ते आढ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत थोडी आशा होती. तीच मला नको झाली होती. इथं डॉक्टर नाही, हे एका दमात म्हणवेना. म्हणून मी लांबून सुरुवात केली. सर्च इंजिन म्हणजे काय, ते पानं कशी वाचतं, शब्द कसे मोजतं, अक्षरांचा आणि पानाचा रंग एक असला की काय होतं. बोलता बोलता मी विषयात रमलो. कुणीतरी यंत्र बंद केलं होतं. कापूस हवेत संथ उतरत होता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या. मी दडवलेल्या अक्षरांवरून तात्यांची माफी मागणार, एवढ्यात मयूरीने ओठांवर बोट ठेवलं.

तात्या झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर.

मयूरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती कुजबुजत म्हणाली, "आई अशीच बोलायची, अंथरुणावर पडल्यावर. शिवणाचं, कटोरी ब्लाउजच्या कटिंगचं. तात्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. ती गेल्यापासून घरात कुणी बोलतच नाही."

मी गप्प झालो, तशी तात्यांची पापणी हलली. चंद्राबाईंनी मला कोपराने ढोसलं. मी पुन्हा सुरू झालो. दिवेलागणीपर्यंत मी कॉम्प्युटरबद्दल मला ठाऊक असलेलं सगळं सांगितलं, आणि नंतर ठाऊक नसलेलंही सांगितलं.

त्याच आठवड्यात मी ते शब्द काढून टाकले. आमचं पान जे खाली गेलं, ते पुन्हा मलाही सापडलं नाही. मयूरीने कोरी कॅसेट पाठवली आणि दोन्ही बाजू बोलून भरून द्यायची विनंती केली. इतक्या आदराने माझं व्याख्यान आजवर कुणी मागितलं नव्हतं. दुसरी बाजू मी जास्त मन लावून बोललो. खरं ज्ञान तिच्यातच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या स्वतः कोरेगावला आले. मयूरीचं लग्न ठरलं होतं, रुखवतासाठी गाद्या हव्या होत्या. इंटरनेटवरून मिळालेली ही आमची पहिली आणि शेवटची ऑर्डर. तात्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती, गाल भरले होते. सुभेदार कापूस दाखवत होते आणि मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. कॅसेट कशी वाटली, असं अगदी सहज विचारलं.

"फार छान," तात्या म्हणाले. "सर्च इंजिन हे एक प्रकारचं यंत्र असतं, इथपर्यंत पाठ आहे मला. पुढं काय आहे हो त्यात?"

इतक्या महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी मांडी घातली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. तात्यांनी मान डोलावली आणि हळूच एक उशी जवळ ओढली.

तेवढ्यात आतून चंद्राबाई लगबगीने आल्या.

"आवं मास्तर, गप ऱ्हावा. पाव्हण्यास्नी सांगलीची गाडी धरायची हाय!"