खोबरेल लावलेला ब्रेक

सायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलायला मेकॅनिक लागतो तरी कशाला? मी तलासरीच्या कचेरीत कारकून असलो तरी जन्म धाकट्या डहाणूचा! खाडीकाठच्या माणसाला यंत्रं कळतात. होडीचं इंजिन उघडताना मी लहानपणी स्वतः पाहिलंय. लांबून, पण पाहिलंय.

आमची दक्षा सोमवारपासून सायकलने कॉलेजला जाणार होती. घर वेवजीत, टेकावर. निघालं की थेट अच्छाडच्या हायवेपर्यंत उतार, आणि खाली कंटेनरच कंटेनर.

"पप्पा, पॅड झिजलेत. सायकल तलासरीला दाखवा ना."

"मी असताना?"

"तुम्ही असताना, म्हणूनच म्हणतेय ती!" निर्मला आतून ओरडली. बायकोचे कान नेमके अशा वेळी तिखट होतात.

रविवारी सकाळी दक्षा मैत्रिणीकडे गेली आणि मी कामाला लागलो. चाकं काढली, पिना ओढल्या, जुने पॅड बाहेर, नवे आत. दोन तासांत दोन्ही ब्रेक तयार! दाबून पाहिले, चाक जागच्या जागी थांबलं. फक्त जराशी किरकिर होती.

आता धाकट्या डहाणूत खाऱ्या हवेनं सगळ्याला गंज चढतो. कडी असो, कोयता असो, लोखंड दिसलं की आमचा हात तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेलात फडकं बुडवून मी दोन्ही डिस्क पुसल्या. अशा पुसल्या की त्यात तोंड दिसावं! चार थेंब पॅडवरही सोडले. किरकिर बंद!

"उद्या पोरगी बसायची. आधी मीच चालवून बघतो," म्हणत उताराला लागलो.

पहिल्या वळणाला पुढचा ब्रेक दाबला. काही नाही. मागचा दाबला. काहीच नाही! दोन्ही आवळले, तर सायकल उलट खुशीत आली! खालून कंटेनरचे हॉर्न ऐकू येत होते. पाय टेकवायला गेलो तर एक चप्पल राहिली मागे आणि मी पुढे!

"पळा! बाजूला पळा!" मी बोंबललो.

समोरून भिकीआजी सरपणाची मोळी घेऊन येत होती. कचेरीतला माणूस एका चपलेवर, डोळे पांढरे करून 'पळा' म्हणत येतो, म्हणजे त्याच्या मागे काय असणार? तिनं मोळी टाकली.

"वाघ आला रंऽऽ!"

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि तो अधूनमधून दिसतोही. दारं धडाधड लागली. क्रिकेट खेळणारे आंब्यावर चढले. आणि मी? आता खोटं कशाला सांगू! मलाही वाटलं, मागे खरंच वाघ आहे! मी ब्रेक सोडले आणि जोरात पेडल मारायला लागलो!

हायवे पन्नास पावलांवर आला. तेव्हा एकच गोष्ट डोक्यात आली. उद्या इथे दक्षा असती. डोळे मिटून मी हँडल वळवलं आणि सुक्याभाऊच्या गवताच्या गंजीत घुसलो.

सुक्याभाऊनं मला पाय धरून ओढून काढलं. "दादा, वाघ कवढा व्हता?"

तोंडात गवत होतं. "मोठा," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

संध्याकाळपर्यंत गावात दवंडी. पोरांना उद्या घराबाहेर सोडू नका! दक्षाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे माझं कॉलेज बुडणार?" सायकलपाशी जाऊन तिनं डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"पप्पा, वाघ खोबरेल लावतो का?"

मी सगळं कबूल केलं. आधी तिच्यापुढे, मग अख्ख्या पाड्यापुढे. लोक पोट धरधरून हसले. दक्षा हसली नाही. "पप्पा, मी बसले असते ना तिच्यावर," एवढंच म्हणाली. मला वर बघवेना.

निर्मलेनं तेलाची बाटली उचलली, माझ्या धाकट्या डहाणूच्या जुन्या पेटीत टाकली आणि खाडकन कुलूप लावलं.

सोमवारी दक्षा सायकल टेम्पोत टाकून तलासरीच्या मेकॅनिककडे घेऊन गेली. इकडे निर्मलेला केसांना तेल हवं होतं. ती पेटीशी झटत बसली. कुलूप गंजलेलं, किल्ली हलेना!

"अगं, त्याला दोन थेंब तेल सोड..." मी बोलून गेलो.

तिनं पेटीकडे बोट दाखवलं. तेल आत होतं.