एकच रोगी असल्यास

भाऊसो मास्तर पत्राला उत्तर न देणारे गृहस्थ नव्हते. लग्नाच्या छापील आमंत्रणालासुद्धा ते उलट टपाली ‘पत्र पावले’ असे कळवीत. पण साताऱ्याच्या फवारा कचेरीचे एक पत्र त्यांनी जुन्या पंचांगात घालून ठेवले आणि त्याला उत्तर म्हणून दिले नाही. पुढे कोरेवाडीत जे झाले, ते त्या न दिलेल्या उत्तरामुळे झाले.

पत्रातला मजकूर असा होता :

‘आपला अर्ज पावला. आपली पत्नी हरणाबाई हिचा रॉकेल, फिनेल, फवाऱ्याचे औषध, नवे रंगीत कापड, साबण व अत्तर यांच्या वासाने श्वास कोंडतो, डोके ठणकते व अंगावर चट्टे उठतात, हे वाचून कचेरीस खेद झाला. तथापि, एखाद्या विकाराचा गावात एकच रोगी असल्यास तो विकार नसून स्वभाव होय. स्वभावास फवारणीतून सूट देता येत नाही. सबब, असा आणखी रोगी असल्यास कळवावे. नियमानुसार रोग्याचे घर फवारणीतून वगळून त्यास रॉकेलऐवजी दिव्यापुरते गोडे तेल रेशनवर देण्यात येईल.’

उत्तर सोपे होते. ‘नाही’ एवढेच लिहायचे होते. पण ते लिहिले असते, तर हरणाबाई सरकारदरबारी कायमची स्वभाव ठरली असती. आणि खरे सांगायचे, तर आपली बायको विकार आहे की स्वभाव, याबद्दल मास्तरांचे स्वतःचेही मत पक्के नव्हते. त्यांचे कशाबद्दलच मत पक्के नसे. शाळेत असताना फळ्यावर बेरीज लिहून ते मुलांना विचारीत, “बरोबर आहे ना रे?”

फवारणी वाईट होती, असे मात्र कोणी म्हणू नये. इंग्रज गेला होता, रेशन राहिले होते आणि हिवताप तर दोघांच्या आधीपासून होता. कृष्णाकाठची गावे दर पावसाळ्यात गोधडीत हुडहुडत. त्यामुळे पाठीवर पंप घेतलेली माणसे पहिल्यांदा आली, तेव्हा गावाने त्यांना गूळपाणी दिले. त्यांनी भिंती फवारल्या, डास मेले, ढेकूण मेले, पाटलांचे मांजरही मेले. हरणाबाई मात्र मेली नाही, आणि तिची अडचण तिथूनच सुरू झाली. चार दिवस ती खळ्यावर मोकळ्या हवेत पडून होती. पाचव्या दिवशी घरात पाऊल टाकताच तिचा घसा आवळला. तेव्हापासून ज्या वासांनी पूर्वी नुसते डोके धरायचे, तेच वास तिला आडवे पाडू लागले. शेजारणी म्हणाल्या, “मास्तरीण हाय बाई, नाक शिकलेलं हाय तिचं.” देवऋष्याने भूत म्हणून मिरच्यांची धुरी दिली. मिरच्यांनी भूत गेले की नाही कळले नाही, पण हरणाबाई जाता जाता राहिली.

“मला येक खोली द्या आन् येक मच्छरदानी,” ती म्हणे. “दुसरं कायबी नगं. पन त्या खोलीत फवारा नगं.”

त्या एका खोलीसाठी मास्तरांनी अर्ज केला होता. पुढच्या फवारणीच्या आत ती मिळाली तर बाई जगणार होती.

आता कोरेवाडीत टपालाची एक रीत होती. टपाल आधी चावडीत यायचे, तिथे मोठ्याने वाचले जायचे आणि मग ज्याचे त्याला मिळायचे. त्यामुळे मास्तरांच्या हाती पत्र पडले, त्याच्या आधी सकाळीच सगळ्या गावाला ते पाठ झाले होते. ‘विकार’ आणि ‘स्वभाव’ हे शब्द लोकांनी सोडून दिले. ‘गोडे तेल’ तेवढे धरले.

रेशनच्या दिवसांत शेंगतेल दिव्यात जाळायला मिळते म्हणजे ते कढईत पडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. संध्याकाळपर्यंत पाटलांच्या घरातल्या सगळ्या माणसांचा श्वास कोंडला. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीला चट्टे उठले. खालची आळी गरीब असल्यामुळे तिला नुसतीच मळमळ झाली. मास्तरांच्या उत्तराची वाट न पाहता हंबीरराव पाटलांनी कचेरीला परस्पर कळवले की, सबंध गाव वासाने बेजार आहे.

चौकशीला लालासाहेब नावाचे इन्स्पेक्टर आले. चौकशी नियमाप्रमाणे व्हायची होती, म्हणून चावडी आदल्या दिवशी फवारून घेण्यात आली. रोग्याने चावडीत येऊन बसावे, वास घ्यावा आणि त्रास होत असल्यास इन्स्पेक्टरांसमोर दाखवावा, अशी ती परीक्षा होती. लालासाहेबांनी केसाला सुवासिक तेल लावले होते, मनगटाला हिना अत्तर होते आणि तोंडात सिगारेट होती.

हंबीरराव फर्डे खोकले. त्यांच्या भावकीनेही आपापल्या कुवतीप्रमाणे खोकून दाखवले. आकाराम पैलवान तर असा कोसळला, की दोघांना उचलावा लागला. उचलताना तो हळूच म्हणाला, “सावकाश रं गड्या, कोपराला लागंल.”

“हरणाबाई भाऊसो,” लालासाहेबांनी पुकारा केला.

हरणाबाई रस्त्यापलीकडे लिंबाखाली, नाकातोंडाला पदर गच्च बांधून बसली होती.

“आत या बाई!”

“आत आले तर मरंन की, साहेब!”

“तपासणी आत आहे.”

“साहेब,” मास्तर चाचरत म्हणाले, “तिला आत येववत नाही, हाच तिचा आजार आहे. म्हणजे, मला तसे वाटते.”

“वाटण्याला रकाना नाही, मास्तर. आत आलेल्यांना त्रास होतो की नाही, एवढेच मी पाहतो. ज्या आतच येत नाहीत, त्यांना त्रास झालेला मी कसा पाहणार? गैरहजर.”

अशा रीतीने कोरेवाडीतले यच्चयावत लोक वासबाधित ठरले, मास्तर आणि हरणाबाई यांचा अपवाद सोडून. सरकारी दृष्टीने गावात ठणठणीत बाई तेवढी एकच होती.

पावसाळ्याच्या तोंडाला पंपवाले पुन्हा आले. गावातली सगळी घरे सूट मिळालेली. फवारायला घर उरले ते मास्तरांचे. लालासाहेबांनी सबंध गावाचे औषध मास्तरांच्या अंगणात उतरवले.

“एवढे सगळे?” मास्तरांनी विचारले.

“गावासाठी मंजूर झालंय. परत नेलं तर वरून विचारतील, का नेलं. उरलं तर म्हणतील, मागितलं कशाला. सगळं वापरायला पाहिजे. भिंतींना तीन हात देऊ, आढ्याला दोन, आणि परसातल्या वृंदावनालाही एक देऊ.”

“पण साहेब, माझी बायको...”

“बाईंची प्रकृती उत्तम आहे. तसा शेरा आहे.”

मास्तरांना लालासाहेबांचे म्हणणे चुकीचे वाटले, पण नेमके कुठे चुकते ते सापडेना. ते पंपाकडे पाहत उभे राहिले. तोवर हरणाबाईने दोन लुगडी, एक वाकळ आणि तांब्या असे गाठोडे बांधले होते.

“कुठं चाललीस?”

“पाटलाच्यात.”

“अगं, पाटलांकडे? असं कसं जायचं? ते काय म्हणतील?”

“आवं, सरकार म्हनतंय त्येंच्या घरात कसलाच वास न्हाई. मग मला दुसरी जागा कुटली हाय गावात?”

आणि ती गेली. मास्तर मागून गेले, पण दहा पावले अंतर ठेवून. म्हणजे बोलणी बसलीच, तर आपण सहज इकडे आलो होतो असे सांगता यावे.

हंबीरराव सोप्यात विडी ओढत बसले होते. हरणाबाईने ओसरीवरच गाठोडे ठेवले.

“पाटील, विडी इजवा.”

“का गं?”

“तुमचा श्वास कोंडतोय न्हवं? साहेब अजून गावातच हाय. बगितलं तर तेलाचं कारड जाईल तुमचं.”

पाटलांनी विडी विझवली. वासबाधित माणसाला, वास सोसत नाही म्हणून आलेली बाई घरात नको, असे म्हणायला तोंड राहिले नव्हते. शिवाय लालासाहेबांना ही व्यवस्था फार पसंत पडली. “वा, बाधित आणि ठणठणीत एका ठिकाणी, ताडून पाहायला सोपे,” असे म्हणून ते दर पंधरवड्याला पाटलांच्या सोप्यात डोकावू लागले. पहिल्याच खेपेला हरणाबाईला चार हात लांबून सिगारेटची झीट आली. घरात दुसरा कसलाच वास नाही म्हणूनच ती इतक्या लांबून कळली, असे ठरवून त्यांनी पाटलांच्या घराला ‘आदर्श वासमुक्त घर’ अशी पाटी लावून टाकली. त्या झिटीवरून हरणाबाईलाच रोगी ठरवावे, हे मात्र त्यांना सुचले नाही. तिची तपासणी केव्हाच आटोपली होती.

पाटीपायी पाटलांचे जिणे बदलले. रॉकेलचे कंदील गेले. फिनेल गेले. पाव्हणे आले तर अत्तरदाणी निघेना. थोरल्या सुनेचे नवे पातळ आठ पाण्यांत धुऊन उन्हात टांगावे लागले, तेव्हा ती माहेरी निघून गेली. हंबीरराव विडीसाठी रात्री उसाच्या फडात जाऊ लागले. पाटलाला स्वतःच्या उसात चोरासारखे बसलेले पाहून राखणदाराने एकदा त्यांच्या पाठीत काठी घातली.

मास्तर रोज दुपारी भाकरी घेऊन यायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.

“आत या की,” एक दिवस हरणाबाई म्हणाली. “पन ती डबी भाईर ठिवा.”

“कुठली?”

“तपकिरीची. तिच्या वासानं माजं कपाळ फुटतंय.”

मास्तर थक्क झाले. अर्जात त्यांनी आठ पाने भरून वासांची नावे लिहिली होती. “हे तू मला कधीच बोलली नाहीस!”

“तुमी कवा इचारलं?”

मास्तरांनी डबी तुळशीपाशी ठेवली. घरी जाताना ती उचलायची की नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि अखेर उचलली नाही.

दरम्यान, ज्या घरांना फवारा लागला नव्हता, त्या घरांत डासांना बरे दिवस आले. आषाढात गाव पुन्हा गोधडीत शिरले. आकाराम पैलवान आता खरोखरच कोसळला आणि त्याला उचलायला कोणी उभे नव्हते. हंबीररावांना तिसऱ्यांदा थंडी भरली, तेव्हा त्यांनी दात वाजवीत जाहीर केले, “आमी बरे झालो. आमाला समदा वास सोसतोय. पंप आना.”

दुसऱ्या दिवशी अख्खी कोरेवाडी बरी झाली. लालासाहेबांनी वरती कळवले की, फवारा न मारताच एक गाव आपल्या कचेरीने वासविकारातून मुक्त केले. त्यांना बढती मिळणार अशी बोलवा उठली. आता एकेक नाव कमी करून पाटी काढायची आणि पंप चालू करायचा, एवढेच बाकी होते. हरणाबाईने गाठोडे पुन्हा बांधायला घेतले. आता गावात बिनवासाचे छप्परच उरणार नव्हते.

“रंगूबाई पाटील,” लालासाहेबांनी पाटलांच्या सोप्यात बसून नाव घेतले. या हंबीररावांच्या आई. “बऱ्या झालात ना? नाव काढतो.”

“काडू नगासा,” म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली.

हंबीररावांनी गोधडीतून तोंड बाहेर काढले. “आई, आगं आपन बरं झालोय.”

“तुमी झाला असशीला. म्या आजारीच हाय.”

“कवापासनं?”

“तुज्या बानं लगीन करून आनलं त्या दिसापासनं. त्यो रात्रंदीस चिलीम वडायचा, मागनं तुज्या विड्या. म्या आपली पन्नास सालं कपाळाला फडकं आवळून दळन दळलं. म्हटलं, बायामानसाचं डोकं असंच असतंय. ह्या दोन म्हयन्यांत पयल्यांदा डोकं उतारलं.” तिने कपाळावरून हात फिरवला. “ही हरणी आली नसती, तर मला कळलंच नसतं की डोकं दुकायचं ऱ्हातंय.”

पाटलांच्या हातातली विडी, जी ते बरे झाल्याच्या आनंदात पेटवणार होते, तशीच राहिली.

“माजी परसातली खोली हाय,” रंगूबाई म्हणाली. “त्यात आमी दोगी ऱ्हानार. येक मच्छरदानी लावा. फवारा भाईर, समद्या गावाला मारा, पन त्या दारात पंप दिसला तर हंबीर, तुज्या टकुऱ्यात घालीन. आन् हरणे, गाठोडं कशाला बांदतीस गं? सोड ते.”

लालासाहेबांनी नियम चाळला. एकच रोगी असल्यास स्वभाव. पण येथे गावाने टाकून दिलेला विकार घट्ट धरून बसलेली एक बाई होती, आणि तिच्या शेजारी गाठोडे सोडणारी दुसरी. “दोन झाल्या तर विकार होतो खरा,” ते नाइलाजाने म्हणाले. “पण दुसऱ्या रोग्याबद्दल अर्जदाराने लेखी कळवायचे राहिले आहे.”

उंबऱ्यापाशी ऐकत उभे असलेले मास्तर घरी गेले आणि त्यांनी एक कार्ड घेतले. शाईला वास येतो म्हणून पेन्सिलीने लिहिले. चावडीत वाचले जाऊ नये म्हणून ते स्वतः चालत इस्लामपुरास गेले आणि तिथल्या पेटीत त्यांनी ते टाकले. टाकण्यापूर्वी एकदा वाचून पाहिले आणि, नवल म्हणजे, त्यात काही खोडावेसे वाटले नाही :

‘उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. गावात आणखी एक रोगी आहे. नाव रंगूबाई पाटील. आजार पन्नास वर्षांचा. इतके दिवस कळला नाही, कारण कोणी विचारले नाही. आणखी किती जणी आहेत ते सांगता येत नाही. घरात विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आपल्याकडे असल्यास विचारून पाहावे. विचारण्यापूर्वी सिगारेट विझवावी.’

कार्ड उघडेच होते. ज्याने कोणी ते वाचले, त्याने उत्तर द्यायला मास्तरांची हरकत नाही.