पायरीवर थांबणारी दाढ

दातांच्या दवाखान्याची पायरी चढताच रूपरावांची दाढ दुखायची थांबली.

"गेलं दुखणं! चाल वं घरी," ते बायकोला म्हणाले.

"मंग रातभर कोण कन्हून राह्यलं होतं?" शकुंतलाबाईंनी विचारलं. पण रूपराव केव्हाच रस्त्याला लागले होते.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत रूपरावांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकापुढे वाघ, दातांच्या डॉक्टरपुढे शेळी. आणि भीती काही उगाच नव्हती. रोहणा गावी राहणारे त्यांचे मोठे भाऊ बंडूजी असेच दवाखान्याला भिऊन दाढ धरून बसले होते. लवंग दाबली, तंबाखू दाबली, शेवटी पू गळ्यात उतरला आणि माणूस गेला. म्हणजे दाढ काढायची भीती होतीच, आणि न काढायची त्याहून मोठी.

घरी पोचले की ठणका पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना, पुन्हा आराम. शेवटी डॉक्टर मयुरीने त्यांना समजावलं, "काका, घाबरलात की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. छाती धडधडते, हात गार पडतात आणि दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. वाघ मागे लागल्यावर पायातला काटा कोणाला कळतो? पण काटा तिथंच असतो."

रूपरावांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. फुकटचं औषध! ते रोज दुकान उघडण्याआधी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसू लागले. शेजारी पदर तोंडाला लावून शकुंतलाबाई. नवऱ्याची लाज वाटते बिचारीला, असं लोक समजायचे.

रिकामा बसलेला माणूस गप्प कसा राहील? रूपराव पेशंटना धीर देऊ लागले.

"काई होत नाई. मुंगी चावल्यावानी वाटते."

"तुमी किती दाढा काढल्या, भाऊ?" एका बाईंनी विचारलं.

"मोजल्या नाई," रूपराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

पेशंट हसत आत जाऊ लागले. मयुरी खूश होऊन रूपरावांना चहा पाजू लागली, आणि तिथंच घात झाला. चहा, ओळखीपाळखी, पंख्याखालची ठरलेली जागा. दवाखाना त्यांना घरासारखा वाटू लागला. एका सकाळी त्याच बाकावर दाढेने अशी कळ मारली, की हातातला कप खाली पडला.

"मॅडम, आज भेव काऊन नाई लागून राह्यलं?" ते गाल धरून कळवळले.

"सवय झाली, काका. तुमचं औषध संपलं. चला आत."

पू इतका साचला होता, की भूल पुरती चढेना.

"माहं बंडूभाऊसारखं होईन का, मॅडम?"

"आज काढली तर नाही. अजून थांबलात, तर मला सांगता येणार नाही."

मग रूपराव असे ओरडले, की त्यांनीच धीर दिलेले दोन पेशंट बाकावरून उठून घरी गेले.

तोंडात कापसाचा बोळा धरून ते बाहेर आले. जीव वाचला होता. शकुंतलाबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या, हात बर्फासारखे गार. तोंडावरचा पदर इतक्या दिवसांत पहिल्यांदा खाली आला होता, आणि डावा गाल टम्म सुजलेला दिसत होता.

"दिवाळीपासून माही बी दाढ ठणकून राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमचं एकदा निपटलं का मंग सांगीन म्हटलं. पण आता तुमचं ओरडणं आयकलं, अन् पाहा, एकदम थांबली! चाला घरी."

रूपरावांना बंडूजींचा गळा आठवला. साऱ्या वर्ध्याला धीर देणाऱ्या त्या तोंडातून आता बोळ्यामुळे एक शब्द फुटेना. त्यांनी बायकोचा पदर मुठीत घट्ट धरला आणि ते तिला घेऊन पुन्हा बाकावर बसले.