डाव्या कोपऱ्याचे भिकाआबा

भिकाआबा आमच्याकडे टीव्हीवर कबड्डी बघायला आले, की बायको उंबऱ्यातच त्यांच्या चपला ताब्यात घेते आणि माळ्यावर ठेवते. कारण गेल्या मोसमात आबांनी पंचाला पायातली काढून मारली होती. पंचाला काही झालं नाही, आमचा टीव्ही फुटला. वर मलाच झापलं, "असा खेळ घरमा दाखाडस, तुले लाज शे का?"

पारोळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा हा सत्तरी ओलांडलेला माणूस रागावर जगतो. मॅटचा राग, बुटांचा राग, रंगीत चड्ड्यांचा राग. सगळ्यात जास्त राग घड्याळाचा. "दम सरना की चढाई सरनी! घड्याळ कसाले पाह्यजे?" असं म्हणून ते स्वतःच 'कबड्डी, कबड्डी' सुरू करतात. त्यांचा दम संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. एकदा त्या नादात चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी बायको जागची उठली नाही.

आबा जिनिंगमध्ये कामाला लागले ते खेळाच्या जोरावर. दिवसभर कापसाच्या गाठी, संध्याकाळी मैदान, आणि जत्रांच्या दिवसांत ट्रकमधून यावल, चोपडा, जिथे सामने असतील तिथे. डाव्या कोपऱ्याला आबा आणि त्यांच्या शेजारी धरणगावचे पंडितनाना. नानांचा डावा हात आबांच्या उजव्या हातात. या साखळीत सापडलेला गडी मध्यरेषेला परत जात नसे, असं जुनी माणसं अजून सांगतात. बक्षिसाच्या पितळी पातेल्यांत आबांची सून आता बिबड्यांच्या पापडांचं पीठ घाटते. त्यावरूनही आबा तिच्यावर डाफरतात.

मग यावलचा तो अंतिम सामना झाला. शेवटची चढाई होती, एका गुणाचा फरक होता आणि नेमकी साखळी तुटली, चढाईचा गडी निसटला. आबांनी तिथेच, भर मैदानात, नानांच्या थोबाडीत दिली. "हात सोडा यान्ही!" हात नानांनी सोडला, असं सगळ्या मैदानाला ऐकवलं. नाना काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून चाळीस वर्षं दोघांत शब्द नाही. नानांच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आबांनी दारातून परत पाठवलं. मला या हट्टाची भयंकर चीड येते. एका पकडीवरून माणूस तोडायचा? एकदा तोंडावर तसं बोललो, तर आबा आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. टीव्ही तेवढा सुखात होता.

गेल्या महिन्यात नानांच्या त्याच मुलीचा मला फोन आला. नानांना अर्धांगवायूचा झटका आला होता, वाचा गेली होती. "आबांना एकदा घेऊन या," म्हणाली. मी घाबरतच आबांना सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या, एसटीला दिल्या, त्या झटक्याला दिल्या. मग टोपी घातली आणि माझ्याआधी स्टँडवर जाऊन उभे राहिले.

धरणगावला मुलीने खाटेच्या उजव्या बाजूला खुर्ची ठेवली. "आबा, आठे बसा. त्यासना डावा हात लुळा पडेल शे, काही समजत नही त्या हातले."

"मी काय उजव्या कोपऱ्याले खेळू का?" आबा खेकसले. खुर्ची ओढत डावीकडे नेली आणि तो लुळा हात मनगटापाशी घट्ट धरला.

"हात मीच सोडा व्हता," ते म्हणाले. म्हणाले कसले, ओरडलेच. "त्या गडीना गुडघा मन्हा तोंडवर उना. मी घाबरी गऊ. तुले माहीत व्हतं. मंग इतला वरीस तू गप कसाले राहिना रे?"

नानांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

"भर मैदानमा थापड खादी, तरी गप! येडा शे का तू?" आबांचा आवाज चढतच गेला, आणि शिव्या देता देता ते हुंदके देऊन रडायला लागले. मला दोघांचाही संताप आला. एक खोटं बोलला, दुसऱ्याने ते मुकाट्याने झाकलं, आणि दोघांनी मिळून चाळीस वर्षं मातीत घातली!

पाचच्या एसटीची वेळ झाली. मी हळूच म्हणालो, "आबा, निघायला हवं."

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू जाय," ते गुरगुरले. "दिखत नही का तुले? साखळी लागेल शे."