जगदेवरावांची दक्षिण ध्रुव मोहीम

"भीती? ती आमच्या घराण्यात नाही!" हरणीतल्या सोसायटीच्या बाकावर बसून रेल्वेतून निवृत्त झालेले जगदेवराव शिर्के हे रोज सांगायचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते ना! त्यामुळे भाचीने शंभर वर्षांपूर्वीचं एक भयंकर इंग्रजी पुस्तक हातात ठेवलं, तेव्हा ते नुसते हसले. दक्षिण ध्रुवावर गेलेली तुकडी, बर्फाखाली लाखो वर्षं झोपलेलं काहीतरी, आणि परत कोणीच नाही! "तीन दुपारींत फडशा!"

दुसऱ्याच दुपारी, ऐन मे महिन्यात, गृहस्थ घोंगडी पांघरून वाचत होते! कथा डोक्यात राहावी म्हणून वहीत टिपणं काढलेली: 'दक्षिण ध्रुव. बावीस माणसं. चौपन्न कुत्री. प्रस्थान नोव्हेंबर.'

वही मंदाताईंनी पाहिली. नवऱ्याला काही न विचारता त्या थेट शेजारच्या कोमलबेनकडे. "आमचे हे टूर काढतायत!"

संध्याकाळी कोमलबेन दारात. "जगदेवभाई, शूं वात छे! पण त्यां जमवानुं शूं?"

"जेवणाचं काय विचारताय? अहो, बुक आहे ते, बुक!"

"थई गयुं बुक? वाह!"

रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर एकवीस नावं!

रविवारी चेअरमन धनाजीरावांनी सभा बोलावली. "कुत्री कशाला? चार इनोव्हा करू!" यावर टाळ्या पडल्या. जगदेवराव ताडकन उभे राहिले.

"तिथे सगळे मरतात! बर्फाखाली डोंगराएवढं, बिनडोळ्यांचं काहीतरी आहे. बघितलं की माणूस वेडा होतो!"

"ते ऑप्शनल ठेवा," धनाजीराव म्हणाले. "ज्यांना बघायचंय ते बघतील."

शेवटी जगदेवरावांनी, राक्षस बर्फ फोडून बाहेर पडतो ते अख्खं सातवं प्रकरण मराठीत करून ऐकवलं. ऐकवताना त्यांचाच आवाज असा कापला, की कोमलबेननी पदराने घाम पुसला आणि गुपचूप नाव खोडलं. मग पटापट सगळ्यांनी खोडली. यादीत एकच नाव उरलं: मंदाताई शिर्के.

घरी येताच जगदेवराव कळवळून म्हणाले, "अगं, तूही खोड ना! राक्षस आहे तिथे!"

"असू दे," मंदाताई भाजी निवडत म्हणाल्या. "नवरा रेल्वेत, दरवर्षी फुकटचा पास, आणि बेचाळीस वर्षांत तुम्ही मला तासाभरावरच्या डाकोरच्या देवळापुढे नेलं नाही. तो राक्षस निदान बाहेर तरी पडतो!"