आपल्याच आकाशगंगेतली माणसं

आमचं कपाट ट्रकमधून अर्धंमुर्धं खाली उतरलं होतं, एक हमाल "छोडना मत, छोडना मत" म्हणून ओरडत होता, आणि नेमका त्याच वेळी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक दणकट म्हातारा कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून मला विचारत होता, "कुठलं तुमी?"

"बार्शीचा," मी धापा टाकत म्हणालो.

"त्ये ऱ्हाऊ द्या. आकाशगंगा कुटली?"

दोन्ही हातांत कपाट असताना माणूस फार विचार करत नाही. मी म्हटलं, "ही आपलीच की."

"मग घरचंच मानूस निघालं!" म्हाताऱ्याला एवढा आनंद झाला की तो धोतर सावरत भिंत ओलांडून आला, कपाटाच्या खाली खांदा घातला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात चढून गेला. हमाल तेवढ्यात बिडी पेटवून मोकळा झाला.

हे आमचे किसनतात्या. दोन हजार तीन साली मी भूगावात फ्लॅट घेतला, तेव्हा आजूबाजूला निम्मी भातखाचरं होती आणि निम्म्या इमारती. तात्यांची खाचरंही बिल्डरकडे गेली होती. आमची सोसायटी ज्यावर उभी आहे ती जमीन त्यांचीच. त्यांच्याकडे उरलं होतं ते जुनं कौलारू घर, घरामागची पायऱ्यांची विहीर आणि रिकामी दुपार. यातली दुपार त्यांना झेपेना. तरुणपणी त्यांनी मुळशीतल्या जत्रा कुस्त्या मारून गाजवल्या होत्या. कान तालमीत चुरगाळून पार बसलेले. असा माणूस दुपारी झोपणार कसा? त्यांनी टीव्ही घेतला, केबल जोडली, बटणं दाबता दाबता एके दिवशी हिंदीत बोलणारा गोरा शास्त्रज्ञ लागला, आणि तात्या कायमचे आकाशात गेले.

"ब्रह्मांडाच्या मानानं काय न्हाई!" हे त्यांचं वाक्य. दूध उतू गेलं, ब्रह्मांडाच्या मानानं काय न्हाई. पौडकडून येणारी एसटी आलीच नाही, ब्रह्मांडाच्या मानानं काय न्हाई. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांनी तोंडं पाडून माझं सांत्वन केलं होतं. तात्या मात्र खदखदून हसले आणि म्हणाले, "बारशी, तुमचा सायेब केवढा? तुमचं हापिस केवढं? हितनं चांदावर गेलं तर तुमचं हापिस दिसतंय का?" मला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं.

भारनियमनाच्या बाबतीत तेवढं हे वाक्य चालत नसे. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. शास्त्रज्ञ यानाला घेऊन कृष्णविवराच्या अगदी तोंडाशी पोचायचा, आता आत काय दिसतं म्हणून तात्या श्वास रोखायचे, आणि लाईट जायची. मग ते ओट्यावर येऊन वीज मंडळाला अशा शिव्या घालत की आमच्या इमारतीच्या खिडक्या लागत.

कृष्णविवर म्हणजे काय, हे मला तात्यांनी समजावलं. मी विज्ञान शाखेचा, पण परीक्षेपुरता.

"सूर्य म्हंजे पैलवान," तात्या म्हणाले. "खुराक हाय तवर अंग फुगल्यालं. खुराक संपला की अंग उतरतंय. बारका पैलवान असला तर वाळून गप बसतोया. पर मोठा असला ना, लई मोठा, तर त्यो सोताच्याच अंगात घुसतोया. घुसतोया, घुसतोया, अन् मग जे जवळ यील त्याला मगरमिठी! उजेड बी सुटत न्हाई."

"मग त्याला चीत कोण करणार?"

"त्यो सोताच चीत झाल्याला हाय," तात्या गंभीरपणे म्हणाले. "आपुन फकस्त लांबनं नमस्कार करायचा."

या सगळ्या ब्रह्मांडाला एकच विरोधी पक्ष होता, त्यांच्या पत्नी सोनामावशी. त्यांना त्याच वेळी मालिका बघायची असे. मंगळावर वस्ती करायची तर इर्जिक घालावी लागेल, असं तात्यांनी एकदा जाहीर केलं. इकडे मुळशीत भातलावणीला इर्जिक घालतात. अख्खं गाव एकाच्या खाचरात राबतं आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. "एकलं मानूस मंगळावर काय करणार? गावच न्यायला पायजे," तात्या म्हणाले.

आतून आवाज आला, "अन् येवढ्यांच्या भाकरी कोन थापनार? तुमचा शास्त्रज्ञ?"

मंगळाची मोहीम तिथेच थांबली.

खरी धमाल झाली ती युरोपात जमिनीखाली ते प्रचंड यंत्र सुरू व्हायचं होतं त्या वर्षी. त्यातून कृष्णविवर निघणार आणि पृथ्वी गिळणार, असं आपले बातमीवाले दिवसभर सांगत सुटले होते. दिवस गणपतीचे. गावात जो तो कासावीस, पण निम्मं दुःख वेगळंच होतं. जग बुडायच्या आधी एकदा मटण खावं तर गणपती घरात बसलेले. "बुडायचंच हुतं तर चार दिस थांबून बुडावं," असं मंडळाचे अध्यक्ष मला डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. शेवटी मंडळानं जाणकार म्हणून तात्यांना आरतीनंतर माईकवर उभं केलं.

तात्यांनी माईक कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्याच्या मानगुटीसारखा धरला. "मंडळी, भ्यायचं न्हाई! त्ये विवर लई बारकं. मुंगीच्या नाकात बी घावायचं न्हाई." टाळ्या. इथे ते थांबले असते तर बरं होतं. "अन् समजा गिळलंच, तर समदी एकदमच जातूया. मागं रडाया कोन न्हाई, दहाव्याचा खर्च न्हाई. असं मरान कुनाला भेटतंय?" यावर बायकांच्या बाजूला रडारड सुरू झाली आणि अध्यक्षांनी घाईघाईनं प्रसाद वाटायला काढला. दुसऱ्या दिवशी जग होतं तिथेच होतं. तात्या जरासे नाराज दिसले, असं आमच्या हिचं मत आहे.

एक गोष्ट मात्र मधल्या काळात घडून गेली होती, ती सांगायला हवी. सोनामावशी माळ्यावरून उतरत असताना शिडी सरकली आणि त्या कंबरेवर पडल्या. हाड जुळलं, पण पाय परत कामाला आले नाहीत. तेव्हापासून ओट्यावरची लोखंडी खाट हे त्यांचं राज्य. तिथून त्या दूधवाल्याला, भाजीवालीला, आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आणि अर्थात तात्यांना हुकूम सोडत. जीभ पूर्वीपेक्षा धारदार झाली होती. मी कधी विचारलं, "कशा आहात मावशी?" तर म्हणत, "धोंडा झालाय अंगाचा. तुमच्या तात्यांना म्हनावं, उचलून टाका कुटंतरी."

त्या गणपतीनंतर तात्यांनी कृष्णविवरं सोडली आणि अंतराळप्रवास धरला. पेपरात कुठेतरी आलं होतं की काही वर्षांत साधी माणसंही वर जाऊन फिरून येतील. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "आमी जानार!" त्यांनी दंड-बैठका पुन्हा सुरू केल्या. गुडघे कुरकुर वाजायचे ते आमच्या गॅलरीत ऐकू यायचं.

मावशींना ते जिव्हारी लागलं. एकदा मी दही विरजणाला मागायला गेलो तर त्या माझ्याशी कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या. "बगा, जनमभर माझ्याबिगार पौडच्या बाजाराला गेला न्हाई ह्यो मानूस. आता मी हितनं हलत न्हाई, तर ह्यो थेट वरच निगाला." तात्या आत सगळं ऐकत असणार. थोड्या वेळानं आतून बैठका मारणाऱ्या गुडघ्यांची कुरकुर ऐकू आली.

मग विहिरीचं प्रकरण आलं. आमच्या सोसायटीत गाड्या वाढल्या, जागा पुरेना. बिल्डर म्हणाला, तात्यांची विहीर बुजवून दिली तर बारा-पंधरा गाड्या बसतील. विहिरीचं पाणी कुणी पीत नव्हतं, शेती संपलेली. तात्या आधी "बुजवा की, आमाला काय करायचीय" म्हणाले होते. उन्हाळा लागला आणि अचानक फिरले.

"हीर बुजवायची न्हाई. तितं माझी तालीम चालतीया."

"कसली तालीम?"

"वर जायाची."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. काहींना वाटलं, म्हातारा भाव वाढवून घेतोय. आमचे खजिनदार मुद्दाम तात्यांच्या ओट्यापाशी जाऊन म्हणाले, "अहो तात्या, ब्रह्मांडाच्या मानानं एक विहीर ती काय!" खाली मान घालून तात्या टॉवेलनं मानेचा घाम पुसत राहिले. मला ते बघवेना.

तरीही शेवटचं विचारून यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण तात्या माझं ऐकतात असा सर्वांचा समज. मे महिना होता. अर्धी रजा टाकून मी भर दुपारी गेलो. ओट्यावर पाहतो तो खाट रिकामी.

चार वर्षांत ती खाट मी रिकामी पाहिली नव्हती. घरात डोकावलो, कुणी नाही. टीव्ही बंद. एवढ्यात घराच्या मागून हसण्याचा आवाज आला. बाईमाणसाचं हसणं, अगदी खळखळून. मी विहिरीकडे धावलो.

खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात तात्या उभे होते. अंगावर लंगोट, कंबरेला दोराचा वेढा. दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूबला बांधलेलं, आणि त्या ट्यूबमध्ये, लुगड्याचा काचा घट्ट मारून, पांढरे केस पाण्यावर पसरून सोनामावशी विहीरभर फिरत होत्या. हातानं पाणी मारत या कडेवरून त्या कडेला. पाय पाण्यात सुटे, मोकळे हलत होते.

मला बघून त्या किंचाळल्या. "आगं बया, ह्यो बाबा कुटनं आला! तिकडं तोंड करा आदी!"

मी तिकडं तोंड केलं आणि वरच्या पायरीवर बसलो. तात्या चढून माझ्याजवळ आले. दोर हातात तसाच.

"टीवीवर दावत्यात बगा," ते दम खात म्हणाले, "वर जायाच्या आदी मानसांना पाण्यात सोडत्यात. अंगाला वजन नसल्याची सवय व्हाया. म्या हिला म्हनलं, तितं पाय लागतच न्हाईत. पायाची अन् बिनपायाची समदी सारखीच तरंगत्यात. तुला दोन मानसं लागायची न्हाईत, धरायला कोन लागायचं न्हाई. हिला पटंना. म्हनून पाठुंगळी घिऊन हितं आनली. आता रोज आनतो."

रोज. त्या गुडघ्यांनी, त्या पायऱ्यांवरून, पाठीवर मावशींना घेऊन. बैठका कशासाठी चालल्या होत्या ते आत्ता मला कळलं.

तात्या माझ्या कानाशी वाकले. "बारशी, मी काय येडा न्हाई. आपल्या हयातीत त्ये इमान भूगावात येत नस्तंय. पर हिला बोलू नका. दोन शिटांचं सांगून ठिवलंय."

विहिरीत आवाज घुमतो, हे तात्या विसरले होते. खालून मावशी म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की! खुळी समजला व्हय? पर तुमी येवढं सांगत हुता, म्हनलं बसावं बाई इमानात."

तात्या लाजले. कुस्तीचा फड गाजवलेला माणूस कानाच्या बसक्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. विहिरीबद्दल मी विचारलं नाही. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील, असं मी मीटिंगमध्ये सांगणार होतो, आणि भांडायची वेळ आली तर भांडणार होतो. ऊन पायऱ्यांवरून सरकत पाण्यापर्यंत आलं होतं. तात्या पुन्हा खाली उतरले आणि दोर हळूहळू ओढू लागले.

ट्यूब पायरीपाशी येता येता मावशींनी कडेचा दगड धरून ती थांबवली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"अवो, थांबा की वाईच. एवढ्यात नका वर घिऊ. वर आलं की लई जड व्हतंय."

तात्यांनी ओढलेला सगळा दोर पुन्हा पाण्यात सोडला.