चौदाव्या मजल्यावरचं धोतर

मी ठरवलं, आपलं धोतर आपण धुवायचं. एवढंच. पुढे जे झालं त्याला अमेरिका जबाबदार आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. नंतर इचलकरंजीत बेचाळीस वर्षं यंत्रमागावर. बायको गेल्यावर मुलगा प्रबोध मला सिंगापूरला घेऊन आला. वुडलँड्समध्ये चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तो आणि सून सुलेखा दोघंही तांजोंग पगार नावाच्या भागातल्या ऑफिसांत. नात गार्गी शाळेत. दिवसभर मी आणि खिडकी.

खिडकीतून पाणी दिसतं. पलीकडे दुसरा देश. सकाळी धुकं असलं की पलीकडचा देश नसतोच. नुसतं पाणी, आणि पाण्यावर उजेड. मी तासन्‌तास बघतो. (सुलेखा म्हणते, अण्णा ध्यान करतात. मी काहीच करत नसतो. ते तिला सांगितलेलं नाही.)

गार्गीला शाळेतून प्रोजेक्ट होता. अमेरिकेतले जुने लेखक, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे. नावं जड होती. माझ्या तोंडात बसली नाहीत.

"आजोबा, एक जण तळ्याकाठी हट बांधून राहिला. एकटा. टू इयर्स. सगळं सेल्फ."

"स्वयंपाक?"

"सेल्फ."

"जागा कोणाची?"

"फ्रेंडची."

(जागा मित्राची. मग साधं राहायला काय जातं?)

"आणि टॅक्स दिला नाही म्हणून जेलमध्ये गेला. वन नाइट. कॉन्शन्स, आजोबा. आतला आवाज."

मला माणूस आवडला. माझाही आतला आवाज मोठा आहे. मागाच्या खडखडाटात बोलायची सवय.

त्याच आठवड्यात प्रबोध म्हणाला, "अण्णा, इचलकरंजीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. देऊन टाकू."

"मी कुठे राहायचं?"

"इथेच. तुम्ही एकटे कसे राहणार? चहा तरी करता येतो का?"

दोन खोल्यांचं घर. मागच्या दारी पेरू. मी कोणापुढे हात पसरत नाही, पण ते घर मला हवं होतं. म्हणालो, "आठ दिवस माझं सगळं मी करतो. स्वयंपाक, धुणं, भांडी. कुणाची मदत नाही. निभावलं तर घर विकायचं नाही, मी परत जाणार."

"आणि काही घोटाळा झाला तर?"

"तर विक."

गार्गी पंच. रोज जेवताना विचारायची, "एनी प्रॉब्लेम, आजोबा?" मी म्हणायचो, "नाही." ती वहीत बरोबरची खूण करायची.

पाच दिवस निभावले. भात एकदा करपला. मला करपलेलाच आवडतो असं मी जाहीर केलं. चहा जमला. म्हणजे रंग जमला.

इथे कपडे वाळवायची रीत वेगळी. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीत नळ्या बसवलेल्या. बांबूवर कपडे घालायचे, चिमटे लावायचे आणि बांबूचं टोक नळीत खोचायचं. कपडे बाहेर हवेत, झेंड्यासारखे. सगळ्या इमारतीतून असे झेंडे.

सहाव्या दिवशी मी धोतर वाळत घातलं. साधं धोतर नव्हे. माग विकायच्या आधी मी स्वतः विणलेलं शेवटचं. जांभळा बारीक काठ. बांबू खोचला. चिमटे घ्यायला वळणार, तेवढ्यात पाण्यावरचं धुकं उठलं. मला तिथे एक तळं दिसलं. तळ्याकाठी झोपडी, झोपडीच्या दारात मी. मागे पेरू. आत बायको चुलीशी खोकतेय. सगळं शांत. माग नाही, लिफ्ट नाही.

मग त्या तळ्यावरून काहीतरी पांढरं उडत गेलं. लांब, सावकाश, बगळ्यासारखं. मी म्हणालो, वा.

ते माझं धोतर होतं.

पाच वार कापड चौदा मजले उतरायला किती वेळ घेतं, ते मी पाहिलंय. घाई अजिबात नव्हती. बाराव्या मजल्यावर लिम आंटीच्या खिडकीपाशी जरा थांबलं, आत डोकावलं आणि पुढे गेलं. शेवटी खालच्या मोठ्या झाडाच्या शेंड्यावर पसरलं.

रात्री गार्गीने विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

"नाही," मी म्हणालो. आतला आवाज काहीतरी बोलला. मी भात वाढून घेतला.

सातव्या दिवशी झाड रिकामं. आणि खाली लिफ्टजवळ एक कागद लागलेला. त्यावर माझ्या धोतराचा फोटो! झाडावरचा, रंगीत. काठसुद्धा स्पष्ट. खाली मजकूर चार भाषांत. चारांतली एकही माझी नाही. पण समजायला काय हवं? सापडलेली वस्तू. मालकाने ओळख पटवून न्यावी. मनात म्हणालो, काय देश आहे! आपल्याकडे एव्हाना त्याच्या पिशव्या शिवल्या असत्या.

शेजारी लिम आंटी उभ्या होत्या. त्यांनी कागद वाचला. माझ्या अंगावरचं धोतर पाहिलं. (इमारतीत धोतरवाला मी एकटाच.)

"आयो, अंकल," त्या म्हणाल्या आणि मान हलवली.

केवढा जिव्हाळा! मी ऐटीत छातीवर बोट ठेवलं. माझंच. त्यांनी डोळे मोठे केले आणि वसाहतीच्या ऑफिसकडे हात दाखवला. रात्री गार्गीला मी पुन्हा म्हणालो, "नाही."

आठव्या दिवशी सकाळी गेलो. एकटा, टोपी घालून. तिथला अधिकारी इथलाच तमिळ गृहस्थ. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी.

"ये आपका है?"

"मेरा है. मैंने खुद बुना है."

"आप खुद आए?"

"और कौन आएगा?"

तो उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. आतून दोघी जणी मला बघायला आल्या. कागद पुढे केले. मी मराठीत सह्या ठोकल्या. धोतर पिशवीतून परत मिळालं. तो म्हणाला, "लेटर आएगा." मी म्हणालो, "आने दो."

जेवताना मी सगळं सांगितलं. धोतर उडालं होतं, पण सापडलं आणि मी जाऊन आणलं. म्हणजे प्रॉब्लेम नाही.

गार्गीचा घास हातातच राहिला. "आजोबा, यू सरेंडर्ड?"

"काय?"

"तो पेपर! वरून कपडा टाकणाऱ्याला शोधतायत. नाव कळलं तर कारवाई होणार. आणि तुम्ही स्वतः गेलात? सेम लाइक दॅट जेल मॅन!"

सुलेखाने डोळ्यांना पदर लावला. (पदर नव्हता, हातरुमाल होता.) प्रबोधने ताट बाजूला सरकवलं.

"अण्णा, कबूल केलं तर घर जाणार, हे माहीत होतं. तरी गेलात."

मी पाणी प्यायलो. बराच वेळ प्यायलो.

"घर विकत नाही मी," तो म्हणाला. "असा माणूस कुठेही एकटा राहील. जा तुम्ही."

जिंकलो. गार्गीने प्रोजेक्टमध्ये अमेरिकनाच्या शेजारी माझा फोटो चिकटवला. मी खिडकीत बसलो. पण आता धुकं उठलं की झोपडीच्या दारात मी नसायचो. तो अमेरिकन उभा असायचा. काही बोलायचा नाही. नुसता बघायचा. तीन दिवस बघितलं त्याने.

चौथ्या दिवशी वसाहतीच्या ऑफिसचं पत्र आलं. गार्गी ते फोडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. प्रबोध, बस इथे. मी कबूल करायला गेलो नव्हतो. मला वाटलं, धोतर परत देतायत. त्या आधी दोन रात्री मी खोटं बोललो. घर विकायचं तर विक."

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला होता.

"त्या दिवशी गेलात ते धोतरासाठी," प्रबोध हळूच म्हणाला. "आत्ता बोललात ते कशासाठी? मी काही विचारलं नव्हतं, अण्णा."

मी धोतराचा काठ सरळ केला.

"तिकीट काढतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्याचं."

सुलेखाने हातावर लाडू ठेवला. गार्गी म्हणाली, "आजोबा, हे कॉन्शन्स खरं वालं." मी मान ताठ केली. खिडकीबाहेर पाणी चमकत होतं. आता तिथे झोपडी नाही, काही नाही. नुसता उजेड. म्हटलं, वाच आता ते पत्र.

गार्गी वाचत एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. "वय आणि प्रामाणिकपणा बघून फक्त ताकीद. असे रहिवासी विरळा..." मग ती थांबली. तिचे खांदे हलायला लागले.

"काय गं?"

"'त्याच दिवशी आपण या कार्यालयाविरुद्ध जी मराठीत लेखी तक्रार दिलीत,'" गार्गी कशीबशी म्हणाली, "'की धोतर इस्त्री न करता परत दिलं, तिची चौकशी चालू आहे.'"

(हे वर लिहायचं राहिलं.)